कापड, व्हायनल आणि बाकीचं सगळं: कटिंग मशीन कोणतं घेऊ?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज मदत हवी म्हणून धागा काढतेय. विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

मी कापडाच्या तुकड्यांचं काम करते. छोटे क्विल्ट, उशांचे अभ्रे, त्यावर ॲप्लिक, म्हणजे कापडाचे आकार कापून वर शिवायचे. गेल्या क्विल्टला सव्वाचारशे षटकोन लागले आणि ते सगळे मी कात्रीने कापले. तीनशेच्या पुढे अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. शेवटचे शंभर तर षटकोन म्हणवेनात, जोडताना कोपरे जुळायचं नावच घेईनात. तेव्हाच ठरवलं, आता मशीन.

बहिणीचं वेगळंच. तिला बरण्यांवर नावं लावायचीत, टी-शर्टवर मोठी अक्षरं हवीत. ती म्हणते दोघींत मिळून एकच घेऊ. शिवाय मला अधूनमधून फेल्ट, पातळ चामडं, जाड कागदही कापायचा असतो.

व्हिडिओ बघून बघून डोकं बधिर झालंय. जो तो आपल्याच मशीनचे गोडवे गातो. सगळं कापणारं एक मशीन खरंच असतं का? आणि कॉम्प्युटर मला बेताचाच येतो, हे आधीच सांगून ठेवते.

रिकामटेकडा

कात्रीला धार लावून घ्या. धागा संपला. :)

सुईदोरा

धार लावलीय हो. अंगठ्याला कुठून लावू?

कातरवेळ

सुईदोरा, मशीनचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी व्हायनल आणि कापड यांत फरक काय, तेवढा डोक्यात पक्का करा, म्हणजे अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतील.

व्हायनल म्हणजे बहिणीच्या अक्षरांसाठी लागणारं पातळ चिकट प्लास्टिक. ते पाठीवर स्वतःचा कागद घेऊनच येतं. त्या कागदाला ते घट्ट चिकटलेलं असतं, पात्याने फक्त वरचा थर चिरायचा. ते हलत नाही, ताणत नाही, त्याचे दोरे सुटत नाहीत. त्यामुळे व्हायनल कुठलंही मशीन कापतं, अगदी साधंसुद्धा.

कापड तसं नाही. उभ्या धाग्यात ते फारसं ताणत नाही, आडव्यात थोडं देतं, आणि तिरकं धरलं तर रबरासारखं येतं. पातं पुढे सरकलं की कापडही त्याच्यासोबत निघायला बघतं. म्हणून कापडाच्या बाबतीत कापलं जाईल का, हा प्रश्न दुसरा. ते धरून कशाने ठेवणार, हा पहिला.

आता पाती. या घरगुती मशीनमध्ये मुख्यतः दोन जाती. एक ओढतं पातं, ज्याला ड्रॅग ब्लेड म्हणतात. बोरूच्या टोकासारखं बारीक असतं, मशीन त्याला ओढत नेतं आणि ते वळणावर आपलं आपण फिरतं. कागद, व्हायनल, स्टिकर, सगळं यावर होतं. नुसतं कापड मात्र याच्यापुढे गोळा होतं, धागे ओढले जातात. दुसरं रोटरी, म्हणजे छोटंसं गोल चाक. ते ओढत नाही, वरून दाबत लोळत जातं, म्हणून कापड जागच्या जागी कापलं जातं. पण गोल पात्याला वळणावर कुणीतरी तोंड फिरवून द्यावं लागतं आणि त्याला जोरही जास्त लागतो. क्रिकट कंपनीचं मेकर मशीन २०१७ मध्ये आलं ते हेच घेऊन: १२ मिमीचं गोल पातं, त्याला फिरवणारा गिअर आणि सुमारे ४ किलोचा दाब. त्याच कंपनीच्या एक्सप्लोरचा दाब याच्या साधारण एक दशांश. सिल्हूट कंपनीच्या कॅमिओ ४ मध्ये दोन कप्पे आहेत. पहिल्याचा दाब २१० ग्रॅम, दुसऱ्याचा ५ किलो, आणि रोटरी पातं दुसऱ्यात बसतं.

वाचून लगेच रोटरीवालं घेऊन टाकू नका. तुम्ही ॲप्लिक करता ना? म्हणजे कापडाच्या पाठीला इस्त्रीने फ्युजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारं अस्तर, लावताच. फ्युजिंग लावलेलं कापड जवळजवळ कागदासारखं वागतं, ते साध्या ओढत्या पात्यानेही छान कापलं जातं. उलट रोटरीने पाऊण इंचापेक्षा लहान आकार कापू नये असं कंपनीच सांगते, कारण एवढ्या आखूड वळणात चाक रेटलं जातं आणि त्याची धार जाते. म्हणजे बारीक पानं-फुलं ओढत्या पात्याने, फ्युजिंग लावून. आणि बिनफ्युजिंगचे क्विल्टचे तुकडे रोटरीने.

तुमच्या कामात यातलं किती आणि त्यातलं किती? महिनाभराचा हिशेब करून बघा.

निळी_शाई

कातरवेळशी सहमत. मी सॉफ्टवेअरबद्दल लिहिते, कारण मशीन घेताना तिकडे कुणी बघतच नाही.

माझ्याकडे कॅमिओ आहे. तिचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं. फुकट आवृत्तीत मात्र एक मेख आहे: एसव्हीजी (रेघांच्या चित्रांची) फाइल उघडत नाही. नेटवर मिळणारी बहुतेक डिझाइनं नेमकी एसव्हीजीत असतात. मग एक तर डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारची फाइल शोधा, नाही तर एकदाच पैसे भरून वरची आवृत्ती घ्या. किंवा माझ्यासारखं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करा. ते फुकट आहे आणि त्यातून थेट कॅमिओला कापायला पाठवायचं एक्स्टेन्शनही मिळतं. थोडी खटपट आहे.

क्रिकटचं डिझाइन स्पेस एसव्हीजी फुकटात घेतं आणि नवख्याला खूप सोपं पडतं, हे मान्य करायलाच हवं. पण ते मुळात नेटवर उभं आहे. डेस्कटॉपवर आधी साठवून ठेवलेली कामं तेवढी ऑफलाइन चालतात. मार्च २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला २० च डिझाइनं चढवता येतील. लोकांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांत निर्णय मागे घेतला. घेतला ते बरंच झालं, पण मशीन तुमच्या टेबलावर असलं तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते, एवढं त्यातून मला कळलं.

जुनं मशीन घेणार असाल तर आणखी जपून. क्रिकटची कार्ट्रिजवाली (आकार साठवलेली डबी आत घालायची) जुनी मशीनं ज्या सॉफ्टवेअरवर चालायची ते २०१८ मध्ये बंद झालं, आणि नवं सॉफ्टवेअर त्यांना ओळखत नाही. मशीन धडधाकट, पण कार्ट्रिजवर आहे तेवढंच कापणार.

गोधडीवाली

कॉम्प्युटर बेताचाच म्हणालात म्हणून लिहिते. मीही त्यातलीच. :)

मी ब्रदरचं स्कॅन-एन-कट वापरते. नावातच आहे, त्याला स्कॅनर असतो. कागदावर हाताने पान काढायचं, मॅटवर (मशीनमध्ये सरकवायच्या चिकट पाटीवर) चिकटवायचं, मशीन ते वाचतं आणि त्याची कापायची रेघ तयार करतं. मशीनलाच पडदा आहे, कॉम्प्युटरशिवाय सगळं होतं. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. उरलेली चिंधी वेडीवाकडी असली तरी मॅटवर लावायची, स्कॅन करायची आणि पडद्यावर तिच्यावर आकार सरकवून बसवायचा. छापील कापडावरचं एखादं फूल नेमकं मधोमध धरायचं असेल तर याला तोड नाही. एसडीएक्स मालिकेत पातं जाडी स्वतः ओळखतं आणि ३ मिमीपर्यंतचं कापतं. त्यामुळे फेल्टही होतो.

तोटा हा की छोट्या पडद्यावर मोठं डिझाइन मांडायचं म्हणजे डोळे फुटायची वेळ.

आणि एक सांगते, तुमचे ते सव्वाचारशे षटकोन एकाच मापाचे होते ना? मग तुम्हाला बहुतेक यातलं काहीच नकोय. तुम्हाला डाय हवी.

सुईदोरा

डाय म्हणजे? बिस्किटाच्या साच्यासारखं?

गोधडीवाली

तस्संच. लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये आकाराप्रमाणे वाकवलेली पोलादी धारदार पट्टी बसवलेली असते आणि तिच्याभोवती फोम. वर कापड, त्यावर प्लास्टिकची पाटी, आणि सगळं मिळून दोन रोलरमधून हँडल फिरवून काढायचं. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. ॲक्यूक्विल्ट आणि सिझिक्स ही त्यातली नेहमीची नावं. सुती कापडाचे सहा थर एका फेरीत निघतात. सहाही हुबेहूब, कारण इथे कापडाला हलायला सवडच नसते. फोम त्याला खालून दाबून धरतो आणि पट्टी सगळीकडे जवळपास एकदमच उतरते.

दोन गोष्टी पाळायच्या. कापडाचा उभा धागा रोलरमध्ये जायच्या दिशेने ठेवायचा, नाहीतर रोलर आडव्या धाग्याला ओढतो आणि आकार किंचित लांबतो. आणि कापड डायपेक्षा फार मोठं ठेवायचं नाही, उगाच वाया जातं.

वाईट बाजू उघड आहे. प्रत्येक आकाराची डाय वेगळी आणि ती फुकट मिळत नाही. आज षटकोन, उद्या पान, परवा पक्षी असं असेल तर डायनीच कपाट भरेल.

अर्धवट_टीप

बहिणीच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी. माझं रोजचं कामच व्हायनलचं आहे, दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरची अक्षरं.

व्हायनलला दाब नको, बेत हवा. पातं ४५ अंशाचं, आणि बाहेर अगदी किंचित काढलेलं. वरचा थर कापला गेला पाहिजे आणि मागचा कागद शाबूत राहिला पाहिजे. प्रत्येक नव्या रोलला मी कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणि त्यात त्रिकोण कापून बघतो. त्रिकोण उचलायचा. चौकोन न हलता तो सुटा निघाला आणि मागच्या कागदावर नखाला जेमतेम जाणवेल अशी रेघ उरली, की जमलं. कागद आरपार गेला असेल तर पातं आत घ्या. नवशिके नेमकं उलट करतात, कापलं नाही की दाब वाढवत सुटतात आणि मॅटलाच नक्षी काढून ठेवतात.

कापून झाल्यावर नको तो भाग चिमट्याने उचलायचा, त्याला वीडिंग म्हणतात. आम्ही निंदणी म्हणतो, आणि ती शेतातल्याइतकीच कंटाळवाणी असते. अर्ध्या इंचाहून लहान नाजूक अक्षरं करायच्या आधी बहिणीला एकदा दहा नावं निंदायला बसवा. पुढची सगळी नावं ठसठशीत जाड अक्षरात येतील.

माल कोणता, हेही महत्त्वाचं. ओरॅकल ब्रँडचं ६५१ हे व्हायनल पक्क्या चिकटीचं, बाहेर लावायला आणि बरणीला चालेल. ६३१ काढता येण्याजोगं, भिंतीला ते. बरणीची काच आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, बोट लावायचं नाही, आणि लावल्यावर दोन-तीन दिवस धुवायची नाही. बरणीच्या बाहेरच लावा, आतल्या बाजूला नाही.

टी-शर्टचं व्हायनल वेगळं असतं, ते उष्णतेने चिकटतं. त्याची चकचकीत पारदर्शक बाजू खाली ठेवायची आणि अक्षरं उलटी कापायची. ही उलटी करायची राहिली नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. मीसुद्धा एका संघाचे अकरा शर्ट असेच आरशात वाचायचे करून ठेवले होते. तापमान साधारण १५० अंश सेल्सिअस, दहा-पंधरा सेकंद, पण रोलवर लिहिलेलंच खरं मानायचं.

राहिला मशीनचा प्रश्न. फक्त लेबलं असती तर क्रिकट जॉयसारखं साडेचार इंच रुंद कापणारं छोटं मशीनही चाललं असतं. पण शर्टावरची अक्षरं म्हणजे सहज दहा इंच. तेव्हा १२ इंची घ्या. रोटरी वगैरे तिला अजिबात नको.

हौशी_कारागीर

मध्येच शिरतोय. लेझर का नको? धारच नाही, म्हणजे कापड हलायचा प्रश्न मिटला. मी घ्यायच्या विचारात आहे.

अर्धवट_टीप

व्हायनलला लेझर लावलात तर या धाग्यावर पुन्हा दिसू नका! विनोद नाही करत. पाट्यांचं व्हायनल म्हणजे पीव्हीसी. ते जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्यात मिसळला की तेच हायड्रोक्लोरिक आम्ल. फुप्फुसाला वाईट, आणि मशीनच्या आतले लोखंडी भाग गंजून जातात. रेक्झिनसारखी बरीच नकली चामडीही पीव्हीसीचीच असतात. क्रोम टॅनिंग केलेलं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) खरं चामडंही टाळावं.

कातरवेळ

कापडाला लेझर उत्तम चालतं, हौशी म्हणतो त्यात तथ्य आहे. पॉलिस्टरची कड तर वितळून आपोआप बंद होते, दोरेच सुटत नाहीत. सुती कापडाची कड मात्र तपकिरी होते आणि जळका वास धुतल्याशिवाय जात नाही. पांढऱ्या कापडावर ती कड दिसते. धूर बाहेर काढायची सोय लागते आणि मशीन चालू ठेवून खोलीबाहेर जायचं नाही, आग लागू शकते. निळ्या डायोड लेझरने पारदर्शक ॲक्रिलिक कापत नाही, प्रकाश सरळ पलीकडे निघून जातो, हेही घेण्याआधी माहीत असू दे. राहत्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवायची ही वस्तू नाही, असं माझं मत.

मीटरटेप

मी कपडे शिवतो, मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितो.

उद्या कुणी म्हणेल की याच मशीनवर कुर्ते बेतू. जमणार नाही. कापडाचा पन्हा ४४ इंच आणि तुमची मॅट १२ इंच. बाहुलीचे कपडे होतील, पिशवीचे तुकडे होतील, कॉलर-कफ होतील. पाठ-छाती होणार नाही. आम्हाला एका वेळी पुष्कळ थर कापायचे असतात, त्याला उभ्या पात्याचं इलेक्ट्रिक मशीन. ते ईस्टमन कंपनीने १८८८ साली काढलं आणि तत्त्व अजून तेच आहे. थोड्या थरांना हातात धरायचं गोल पात्याचं छोटं मशीन पुरतं. दोन्हीला डाव्या हातात साखळीचा हातमोजा पाहिजे. मी एकदाच नव्हता घातला.

कातरवेळ यांनी कापड धरून ठेवायचं म्हटलं ते अगदी बरोबर. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मशीनमध्ये १९६९ साली गर्बर कंपनीने हाच प्रश्न सोडवला. टेबलावर ब्रशसारखे केस, कापडाच्या थप्पीवर प्लास्टिकचा कागद आणि खालून हवा ओढून घ्यायची. थप्पी दाबून एकदम कडक होते आणि पातं केसांत बुडून फिरतं. तुमच्याकडे हवा ओढणारं टेबल नाही, म्हणून चिकट मॅट.

घरच्यासाठी फुकटची युक्ती: कापडाला कडक खळ घालून इस्त्री करा. निम्मा प्रश्न सुटतो.

रिकामटेकडा

आता मी गंभीरपणे विचारतो. ते पिझ्झा कटरसारखं हातातलं चाक असतं, त्याने नाही का होणार? बायकोकडे आहे.

कातरवेळ

रिकामटेकडा चक्क कामाचं बोलले! हातातला रोटरी कटर. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ मध्ये काढला आणि क्विल्टवाल्यांचं काम तेव्हापासून बदललं. (तुकडे मोडत जायचं ते कटरचं पातंही त्याच कंपनीच्या संस्थापकाचं, १९५६ मधलं. ते त्यांना चॉकलेटच्या वडीवरून सुचलं असं सांगतात.)

सुईदोरा, मशीन येईपर्यंत हे करून बघा. ४५ मिमीचा कटर, खाली स्वतःच भरून येणारी मॅट आणि ६० अंशाची रेघ असलेली जाड पारदर्शक पट्टी. चार थर घडी करून षटकोनाच्या उंचीएवढ्या पट्ट्या कापायच्या. मग ६० अंशात तिरके काप घेऊन समभुज चौकटी करायच्या आणि त्यांची दोन टोकं छाटायची. कात्रीच्या चौपट वेग येतो. अंगठ्याऐवजी खांद्याचा जोर लागतो, म्हणून कळही येत नाही. पातं उघडं टाकून उठायचं नाही, एवढं मात्र पथ्य.

सुईदोरा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, रागावू नका. सांगितलेला हिशेब करत होते.

मैत्रिणीकडे रोटरी पात्याचं मशीन आहे (कोणतं ते लिहीत नाही, दोष मशीनचा नव्हता). तिच्याकडे दोन दुपारी बसले. पहिल्यांदा उत्साहात मऊ मलमल नेली. मॅटवर लावली, वरून हाताने दाबली, मशीन सुरू केलं. पहिले दोन षटकोन झकास. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर चाक वळलं आणि त्याच्याबरोबर कापडाची कड मॅटवरून उठली, पापणी उघडावी तशी. पुढचं सगळं चाकाने त्या सुटलेल्या कडेवरूनच कापलं. उचलून बघितलं तर एक षटकोन पाच कोनांचा आणि शेजारच्याला शेपूट. मैत्रीण म्हणाली, हाताने दाबलंस ना? बोटांचं तेल लागून मॅटची चिकटी जाते. तिच्याकडे रबरी रोलर आहे, त्याने दाबायचं, आणि कापड सरळ बाजू खाली करून लावायचं.

दुसऱ्या दिवशी मीटरटेप काकांचं ऐकून सुती कापडाला कडक खळ घालून नेलं. रोलरने बसवलं. एका मॅटवर २३ षटकोन बसले आणि २३ च्या २३ असे निघाले की एकावर एक ठेवले तर एकच वाटावा. मी खरंच दोन मिनिटं ते नुसते सरळ करत बसले होते.

पण मग घड्याळ लावलं. मशीनला कापायला वेळ लागतच नाही. वेळ जातो तो कापड लावण्यात, दाबण्यात, उचलण्यात आणि मॅटवरचे दोरे वेचण्यात. सव्वाचारशे षटकोन म्हणजे १९ मॅटा. त्यात फेल्ट एकदा कापला की मॅटला केस येतात, त्याची वेगळी मॅटच ठेवावी लागेल.

आणि वहीतला हिशेब असा निघाला: मी जे कापते त्यातले बहुतेक सगळे तुकडे षटकोन आणि एक गोल, दोनच आकार. उरलेलं ॲप्लिक, आणि त्याला तर मी नेहमी फ्युजिंग लावतेच. चामडं गेल्या सहा महिन्यांत किती वेळा कापलं? एकदा. जाड कागद दोनदा.

म्हणजे रोटरीवालं महागडं मशीन मी ज्याच्यासाठी घेणार होते ते काम डाय करणार, आणि बाकीचं साधं मशीन करणार. बहिणीने १२ इंची साधं, ओढत्या पात्याचं मशीन घेतलंय, तिच्या पैशाने, तिच्या घरी. माझं ॲप्लिक मी तिच्याकडे जाऊन कापते. मी हँडलवालं डायचं मशीन घेतलं, षटकोन आणि गोल अशा दोन डाय घेतल्या. गोधडीवाली, तुम्ही जिंकलात.

गोधडीवाली

मी नाही, तुमची वही जिंकली. आता फोटो टाका.

निळी_शाई

बहिणीला सांगा, स्टिकर छापून मग कापायचे असतील तर चकचकीत कागदावर मशीनला कोपऱ्यातल्या खुणा दिसत नाहीत, दिव्याची चमक येते. खुणांवर बिनचमकीच्या पारदर्शक टेपचा तुकडा लावायचा, लगेच वाचतं. मला हे कळायला दोन पाकिटं कागद लागला.

सुईदोरा

सांगते! ती सध्या निंदणी करतेय. अर्धवट_टीप म्हणाले तसंच झालं, सातव्या नावानंतर तिने फाँट बदलला.

फोटो टाकणार होते, पण आधी एक शंका. डायवर एक इंच लिहिलंय. माझे जुने कागदी षटकोन, ज्यांच्यावर कापड दुमडून टाके घालते, तेही एक इंचाचे. तरी कापलेला तुकडा कागदावर ठेवला तर दुमडायला जेमतेम दोरा-दोन दोरे माया उरतेय. काही चुकतंय का माझं?

गोधडीवाली

षटकोनाचं माप दोन तऱ्हांनी सांगतात, एका बाजूची लांबी किंवा समोरासमोरच्या कडांमधलं अंतर. शिवाय काही डायवर तयार झालेल्या षटकोनाचं माप असतं, काहींवर कापलेल्या तुकड्याचं. तुमच्या कागदाची बाजू एक इंच असेल तर त्याची कडेपासून कडेपर्यंतची उंची १.७३ इंच. दोन्हीकडे पाव पाव इंच माया धरून कापडाचा तुकडा उंचीला २.२३ इंच निघायला हवा. कापलेल्याची एक बाजू मोजा. १.२९ च्या आसपास असेल तर डाय बरोबर आहे, कागद चुकीचे.

सुईदोरा

मोजलं. तुकड्याची बाजू बरोबर १.२९, उंची २.२३. कागदाची बाजू निघाली सव्वा इंच. पाकिटावर एक इंच छापलंय आणि इतकी वर्षं मी ते मोजूनच पाहिलं नव्हतं. कात्रीने अंदाजाने कापायचे ना, त्यामुळे माया कमी-जास्त व्हायची आणि खपून जायचं.

आता बहिणीच्या मशीनवर एक इंची कागद कापून घेते, जाड कागदाचे, दोनशे. रविवारी जाणारच आहे, ॲप्लिकची पानंही राहिलीत. फोटो त्यानंतर.